सलग १९ डाव जिंकणारा शुसाकू, ज्याच्यानंतर पहिल्या चालीची किंमत ठरवावी लागली

टॉस हरला म्हणून मॅच हरलो, हे कारण आपण आयुष्यात हजारदा ऐकलेलं असतं. दव पडलं, पिच फिरलं, आधी बॅटिंग मिळायला हवी होती. क्रिकेटमध्ये हे खपून जातं, कारण टॉस म्हणजे शेवटी नशीब.

पण ज्या खेळात फक्त डोकं चालतं, तिथं काय करायचं? समोरासमोर दोन माणसं, मध्ये एक पट आणि चाल एकानंतर एक. मग कुणीतरी आधी चाल करणार आणि त्याला फायदा होणार. बुद्धिबळात पांढऱ्या मोहऱ्यांना हा फायदा मिळतो, हे कुठलाही खेळाडू सांगेल.

हा फायदा कमी करायला वेगवेगळ्या खेळांनी वेगवेगळे उपाय शोधलेत. बॅकगॅमनचंच बघा. आपल्या सारीपाटासारखाच हा फासे आणि सोंगट्यांचा खेळ. त्यात सुरुवातीला दोघंही एक-एक फासा टाकतात. ज्याचा आकडा मोठा, त्याची पहिली चाल. पण चाल खेळायची ती पडलेल्या त्याच दोन आकड्यांवर. दोघांचे आकडे सारखे आले, तर फासे पुन्हा टाकायचे.

आता यातली गंमत अशी की, बॅकगॅमनमध्ये दोन्ही फाशांवर सारखा आकडा आला तर तो चार वेळा खेळायला मिळतो. म्हणजे लॉटरीच. पण सुरुवातीच्या या नियमामुळे पहिली चाल करणाऱ्याला ती लॉटरी लागूच शकत नाही, दुसऱ्याला मात्र लागू शकते. एका छोट्या नियमाने पहिल्या चालीचं थोडं वजन काढून घेतलं.

जपानमध्ये मात्र एक खेळ असा होता, जिथं पहिल्या चालीचा फायदा सगळ्यांना माहीत होता आणि तरीही शेकडो वर्षं एका डावापुरता त्यावर काहीच उपाय नव्हता. त्या खेळाचं नाव 'गो'. आणि पहिल्या चालीचा फायदा कसा जपायचा, हे ज्याने जगाला दाखवून दिलं, त्या खेळाडूचं नाव होनिनबो शुसाकू.

आधी खेळ समजून घेऊ

गोचा पट म्हणजे १९ आडव्या आणि १९ उभ्या रेषा. रेषा जिथं एकमेकींना छेदतात, अशा ३६१ जागा. एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. एकेक खडा रेषांच्या छेदावर ठेवत जायचं. एकदा ठेवलेला खडा हलत नाही, पण चारही बाजूंनी कोंडला गेला तर उचलला जातो. शेवटी ज्याने जास्त जागा घेरली, तो जिंकला.

नियम दहा मिनिटांत कळतात, पण खेळ आयुष्यभर पुरत नाही.

यात पहिली चाल कायम काळ्याची. पट रिकामा असताना सगळ्यात मोक्याची जागा काळ्यालाच मिळते आणि तिथून पांढरा सतत एक पाऊल मागे असतो.

सतराव्या शतकात तोकुगावा शोगुनांनी जपानची सत्ता हातात घेतली आणि गोला थेट राजाश्रय मिळाला. होनिनबो, इनोउए, यासुई आणि हायाशी अशी चार घराणी तयार झाली. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात ना, अगदी तसंच. गुरू, शिष्य, वारस, घराण्याचा मान आणि घराण्यांमधली खुन्नस, सगळं आलं. या घराण्यांना सरकारी तनखा मिळायचा. वर्षातून एकदा एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या किल्ल्यात शोगुनसमोर डाव व्हायचे. त्या डावांत खेळायला मिळणं हाच सगळ्यात मोठा मान.

एका बेटावरचा पोरगा

जपानच्या आतल्या समुद्रात इन्नोशिमा नावाचं बेट आहे. आज ते हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिची शहरात मोडतं. १८२९ साली तिथल्या तोनोउरा गावात कुवाबारा घरात एक मुलगा जन्मला. त्याचं नाव तोराजिरो.

त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. पोरगं रडायला लागलं की गोचे काळे-पांढरे खडे हातात द्यायचे, लगेच शांत. ही गोष्ट किती खरी, हा भाग वेगळा. पण पाच-सहा वर्षांचा असतानाच तो असा खेळायला लागला की बातमी जवळच्या मिहारा किल्ल्याचे सरदार आसानो यांच्यापर्यंत गेली. आसानोंनी त्याचा खेळ बघितला, त्याला आश्रय दिला आणि शिक्षणाची सोय केली.

१८३७ साली जेमतेम आठ वर्षांचा तोराजिरो घर सोडून एदोला आला आणि होनिनबो घराण्यात दाखल झाला. तेव्हा घराण्याचे प्रमुख होते बारावे होनिनबो जोवा. दहा वर्षांचा असताना तोराजिरोला पहिली पदवी मिळाली. गोमध्ये पदव्यांना 'दान' म्हणतात. पहिल्या दानपासून नवव्यापर्यंत चढत जायचं आणि नववा दान एका काळात एकाच माणसाकडे. पुढे त्याला नवं नाव मिळालं, शुसाकू. पंधराव्या वर्षी तो चौथ्या दानपर्यंत पोहोचला होता.

आता इथं एक गोष्ट लक्षात घेणं गरजेचं आहे. त्या काळी पहिल्या चालीच्या फायद्याचं काय करायचे? तर दोघं तुल्यबळ असतील, तर आळीपाळीने काळे खडे घ्यायचे. एक डाव तुझा, एक माझा. एकाची पदवी जरा खाली असेल, तर तीन डावांत दोनदा काळे त्याच्याकडे. आणखी खाली असेल, तर प्रत्येक डावात काळे त्याच्याकडेच. त्याहून फरक मोठा असेल, तर सुरुवातीलाच दोन किंवा जास्त खडे पटावर मांडून घ्यायचे.

थोडक्यात, एक डाव अन्यायाचा असला तरी दहा-वीस डावांचा हिशोब बरोबर लागायचा. आणि काळे खडे घेणं म्हणजे मी तुमच्यापेक्षा लहान आहे, हे मान्य करणं. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार होती.

कान लाल करणारी चाल

१८४६. शुसाकू १७ वर्षांचा. गावाकडे मुक्काम करून तो परत एदोला निघाला होता. वाटेत ओसाकाला थांबला आणि तिथं त्याची गाठ पडली गेन्नान इन्सेकी यांच्याशी.

गेन्नान म्हणजे इनोउए घराण्याचे प्रमुख, आठवे दान. होनिनबो घराण्याशी त्यांचं जुनं वैर. नववा दान मिळवायची त्यांची धडपड बरीच वर्षं चालली आणि ती फसली होती. अशा माणसासमोर आता होनिनबो घराण्याचा चौथ्या दानचा एक पोरगा बसला होता.

पदव्यांमधला फरक बघता पहिल्या डावात शुसाकूने दोन खडे आधी मांडून घेतले. थोडा खेळ झाल्यावरच गेन्नान यांच्या लक्षात आलं की या पोराला दोन खडे देऊन आपला निभाव लागणार नाही. त्यांनी तो डाव अर्ध्यावर थांबवला आणि त्याला फक्त काळे खडे, म्हणजे फक्त पहिली चाल देऊन नवा डाव मांडला.

या डावात गेन्नान यांनी सुरुवातीलाच कोपऱ्यात एक अवघड, ठेवणीतली चाल बाहेर काढली. शुसाकू चुकला आणि मागे पडला. पहिल्या चालीचा फायदा तिथंच संपला. बघायला जमलेल्या लोकांना वाटलं, झालं, गेन्नान जिंकले.

पण तिथं एक वैद्य होता. त्याला खेळातलं फारसं कळत नव्हतं, पण त्याचं म्हणणं पडलं की शुसाकू जिंकणार. लोकांनी कारण विचारलं. तर शुसाकूने १२७ वी चाल केली, पटाच्या मध्यावर एक खडा ठेवला आणि त्या क्षणी गेन्नान यांचे कान लाल झालेले त्याने पाहिले होते. चेहरा शांत होता, पण कान काही लपवता आले नाहीत.

त्या एका खड्याने पटाच्या सगळ्या बाजूंना एकाच वेळी काम केलं होतं. स्वतःच्या अडचणीतल्या खड्यांना मदत, समोरच्याच्या जागेवर दबाव आणि मधल्या भागात वजन. शेवटी शुसाकू हा डाव दोन गुणांनी जिंकला. गोच्या इतिहासात हा डाव आजही 'कान लाल करणारी चाल' याच नावाने ओळखला जातो.

हे दोन गुण लक्षात ठेवा, आपण परत त्यांच्याकडे येणार आहोत.

हातात काळे असले की विषय संपला

एदोला परतल्यावर घराण्याने शुसाकूला वारस करायचं ठरवलं. कुणीही उडी मारून हो म्हटलं असतं. शुसाकूने आधी नकार दिला. कारण होनिनबो घराण्याचा वारस म्हणजे शोगुनच्या चाकरीत जाणं आणि त्याने तर लहानपणापासून मिहाराच्या आसानोंचं मीठ खाल्लं होतं. शेवटी त्याच्या सरदाराकडून परवानगी मिळाली आणि १८४८ साली तो चौदावे होनिनबो शुवा यांचा वारस झाला. त्याच सुमारास जोवा यांची मुलगी हाना हिच्याशी त्याचं लग्न झालं.

१८४९ पासून तो किल्ल्यातल्या डावांत उतरला. १८६१ पर्यंत तिथं तो १९ डाव खेळला आणि १९ च्या १९ जिंकला. समोर कुणी लिंबूटिंबू नव्हते, इतर घराण्यांचे प्रमुख आणि नावाजलेले खेळाडू होते. हे रेकॉर्ड कधीच मोडलं नाही.

यातले काही डाव त्याने पांढऱ्या खड्यांनी, म्हणजे दुसरी चाल घेऊन जिंकले. पण त्याची खरी दहशत होती ती काळ्या खड्यांची. सुरुवातीच्या तीन चालींत तीन कोपरे धरायचे आणि मग सातव्या चालीला एका खड्याशेजारी तिरका खडा ठेवायचा. ही सुरुवात आज 'शुसाकू पद्धत' म्हणून ओळखली जाते. दिसायला ती चाल एकदम साधी. घाई नाही, हल्ला नाही. पण तिच्यानंतर पांढऱ्याला पकडायला काही शिल्लकच राहायचं नाही.

यामागचा हिशोब सोपा होता. काळा आधीच थोडा पुढे आहे, मग आणखी मोठी आघाडी घ्यायच्या नादात धोका कशाला पत्करायचा? आहे ते टिकवा. एका गुणाने जिंकलं काय आणि वीस गुणांनी जिंकलं काय, जिंकणं सारखंच.

त्याच्याबद्दल अशी आख्यायिका आहे की, एका मोठ्या डावानंतर निकाल काय लागला असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्याने एवढंच सांगितलं की काळे खडे आपल्याकडे होते. पुढं काही सांगायची गरज नव्हती.

त्याला तोडीस तोड म्हणून नाव घेतलं जायचं ओता युझो यांचं. युझो सातव्या दानचे. आपले केस त्यांना फार प्रिय. किल्ल्यात खेळायचं तर डोकं भादरावं लागायचं, म्हणून त्यांनी तो मान कधी घेतलाच नाही, असं सांगतात. १८५३ साली या दोघांमध्ये ३० डावांची मालिका ठरली. सुरुवातीला युझो टिकून राहिले, पण नंतर शुसाकू पुढे निघून गेला. २३ वा डाव बरोबरीत सुटला आणि मालिका तिथंच थांबली.

मग शुसाकू आपल्या काळातला सर्वोत्तम होता का? इथं एक पेच आहे. त्याचे गुरू शुवा हेही त्या काळचे जबरदस्त खेळाडू. शुसाकू त्यांच्याशी खेळायचा तेव्हा नेहमी काळे खडे घ्यायचा आणि बऱ्याचदा जिंकायचाही. त्याची ताकद बघता आता आळीपाळीने खेळू, निदान काही डावांत तू पांढरे घे, असं व्हायला हवं होतं. शुसाकूने ते कधीच होऊ दिलं नाही. गुरूसमोर पांढरे खडे घेणं म्हणजे आपण बरोबरीचे झालो असं जाहीर करणं आणि ते त्याला मान्य नव्हतं.

म्हणजे गंमत बघा. गुरूचा मान राखायला तो कायम फायद्याची बाजू घेत राहिला आणि त्यामुळेच दोघांत मोठा कोण, हे कुणालाच कळलं नाही.

१८६२

त्या वर्षी एदोत कॉलऱ्याची साथ आली. होनिनबो घराण्यातही लोक आजारी पडायला लागले. तेव्हा या रोगावर औषध नव्हतं आणि तो कसा पसरतो, हेही नीट माहीत नव्हतं. पण आजाऱ्याजवळ जाणारा माणूस वाचत नाही, हे लोक डोळ्यांनी बघत होते.

शुवा यांनी शुसाकूला लांब राहायला सांगितलं. घराण्याचा वारस होता तो. पण शुसाकूने ऐकलं नाही. तो आजाऱ्यांची सेवा करत राहिला. घरातले आजारी बरे झाले असं सांगतात, पण शुसाकूला लागण झाली आणि सप्टेंबर १८६२ मध्ये तो गेला. वय फक्त ३३. घराण्याचा प्रमुख तो कधी झालाच नाही.

त्यानंतर किल्ल्यातले डावही बंद पडले. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता गेली, सरकारी तनखे गेले आणि चार घराण्यांचे वैभवाचे दिवस संपले.

मग नियम का बदलला?

विसाव्या शतकात गोला नवा आश्रयदाता मिळाला, तो म्हणजे वर्तमानपत्रं. पेपरवाले स्पर्धा भरवायचे, डाव छापायचे आणि त्यावर खप वाढवायचे. पण या स्पर्धांत जुनी पद्धत चालणार नव्हती. दोन खेळाडू वर्षभर वीस-तीस डाव खेळत बसणार, मग हिशोब लागणार, एवढा वेळ कुणाकडे होता? इथं एका डावात निकाल लागायचा आणि हरणारा घरी जायचा. मग ज्याला काळे खडे मिळाले, त्याची चंगळ.

यावर उपाय निघाला 'कोमी'. म्हणजे पांढऱ्याला दुसरी चाल घ्यावी लागते, म्हणून शेवटच्या मोजणीत त्याला काही गुण भरपाई म्हणून द्यायचे.

सगळ्यांना हे लगेच पटलं असं नाही. बऱ्याच जुन्या लोकांना ते कृत्रिम वाटलं. पटावर न मिळवलेले गुण कसे धरायचे? १९३८ साली शेवटचे वंशपरंपरागत होनिनबो शुसाई यांचा निरोपाचा डाव झाला, तो जुन्याच पद्धतीने, कोमीशिवाय. समोर तरुण कितानी मिनोरू, काळे खडे घेऊन. डाव सहा महिने चालला आणि कितानी पाच गुणांनी जिंकले. या डावाचं वार्तांकन केलं होतं यासुनारी कावाबाता यांनी, ज्यांना पुढे साहित्याचं नोबेल मिळालं. या डावावर त्यांनी कादंबरीही लिहिली.

त्यानंतर मात्र कोमी रुजला. आधी साडेचार गुण रूढ झाले. तरी काळा जास्त जिंकतोय असं दिसलं, म्हणून साडेपाच झाले. मग हजारो डावांचा हिशोब मांडल्यावर कळलं की काळा अजूनही किंचित पुढे आहे. म्हणून २००२ च्या सुमारास जपानने कोमी साडेसहा केला. चीनमध्ये मोजणीची पद्धत थोडी वेगळी आहे, तिथं तो साडेसात आहे.

हा 'साडे' कशासाठी? तर अर्धा गुण पटावर कुणालाच मिळवता येत नाही. त्यामुळे सहसा डाव बरोबरीत सुटत नाही. युझो आणि शुसाकू यांचा २३ वा डाव आज झाला असता, तर निकाल लागला असता.

आता त्या दोन गुणांकडे परत येऊ. कान लाल करणाऱ्या डावात शुसाकू दोन गुणांनी जिंकला होता. आजचा साडेसहाचा कोमी लावला तर तो डाव गेन्नान साडेचार गुणांनी जिंकतात. शुसाई यांचा निरोपाचा डावही पलटतो आणि ते दीड गुणाने जिंकतात.

मग शुसाकूचे विजय खोटे का? नाही. कारण त्याला नियम माहीत होता आणि तो त्या नियमाने खेळत होता. जिंकायला एक गुण पुरतो, हे ठाऊक असलेला माणूस सातव्या गुणासाठी जीव धोक्यात घालत नाही. कोमी असता तर तो वेगळं खेळला असता. नियम बदलला की फक्त शेवटची बेरीज बदलत नाही, पहिल्या चालीपासूनचा सगळा विचार बदलतो.

आणि तो बदललाही. कोमी आल्यावर काळ्याला निवांत बसणं परवडेना. आघाडी खेचून आणावी लागली, खेळ आक्रमक झाला. शुसाकूची ती तिरकी चाल फार संथ म्हणून मागे पडली. ज्या पद्धतीने पहिल्या चालीचा पुरेपूर फायदा घेता येतो हे दाखवलं, तीच पद्धत नव्या नियमाने जुनी ठरवली.

पण शुसाकूचं म्हणणं होतं असं सांगतात की, जोपर्यंत पटाचा आकार बदलत नाही, तोपर्यंत ही चाल वाईट ठरणार नाही. २०१६ साली अल्फागो या कम्प्युटर प्रोग्रामने कोरियाच्या ली सेडोलला हरवलं. त्यानंतर जगभरचे खेळाडू कम्प्युटरसोबत अभ्यास करायला लागले, शेकडो वर्षांच्या समजुती तपासल्या गेल्या, कित्येक मोडीतही निघाल्या. त्यात शुसाकूची तिरकी चाल टिकली. कोमी असतानाही ती चांगली चाल आहे, असं मशीनचंही मत पडलं आणि मोठे खेळाडू ती पुन्हा खेळायला लागले.

आज ॲनिमे बघणाऱ्या पोरांना शुसाकू माहीत असतो तो 'हिकारू नो गो'मुळे. त्यात एका जुन्या खेळाडूचा आत्मा तोराजिरोच्या अंगात येऊन खेळतो, अशी कल्पना आहे. २००४ साली जपानच्या गो संघटनेने आपल्या सन्मान दालनात पहिली चार नावं निवडली, त्यातही शुसाकू होता. इन्नोशिमावर आता त्याच्या नावाचं स्मारक संग्रहालय आहे आणि तिथं आजही मुलं गो शिकतात. फक्त आता हातात काळे खडे आले की त्यांना साडेसहा गुणांचं देणं घेऊनच बसावं लागतं.